कपाटाने मोडलेला गुडघा

मला कपाटाने उडवलं. हे सांगितलं की समोरचा माणूस एकदा तरी म्हणतोच, "काय?" मग मी परत सांगते. कपाटाने. लोखंडी, दोन दारांचं, रंग हिरवा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये मी चादरी घ्यायला गेले होते. समोरून उतारावर हातगाडी येत होती आणि तिच्यावर हे कपाट आडवं बांधलेलं होतं. दोर तुटला, गाडीवाल्याच्या हातून दांडा सुटला आणि गाडी कपाटासकट माझ्या उजव्या गुडघ्यावर बाहेरच्या बाजूने आदळली. गुडघा आतल्या बाजूला गेला. गुडघा पुढेमागे होतो हे मला माहीत होतं. तो बाजूलाही होतो हे त्या दिवशी कळलं.

चादरीचा दुकानदार धावत बाहेर आला. सिंधी, पोट सुटलेला, भला माणूस. त्याने मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं, "दीदी, आराम से, आराम से" म्हणाला आणि मग वळून गाडीवाल्याला विचारलं, "कपाट को तो कुछ नहीं हुआ ना?" कपाटाला काही झालं नव्हतं. मला राग यायला पाहिजे होता, पण दुखत इतकं होतं की रागाला जागा नव्हती. राग नंतर आला आणि आल्यावर बरेच महिने मुक्कामाला राहिला.

हाडांच्या दवाखान्यात नवरा आला, त्याच्या मागे सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. आत्यांची सगळी नोकरी अंबरनाथला काडेपेट्यांच्या कंपनीत पॅकिंगला गेलेली, आता रिटायर. मी अंबरनाथलाच एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट. दोघी स्वतःच्या कमाईच्या, दोघी तोंडाळ, आणि बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या चाळीत दोघींना मिळून एक स्वयंपाकघर. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, पण आम्ही बोलायचो ते नवऱ्याच्या मार्फत. "तिला सांग, मीठ जास्त झालंय." "त्यांना सांग, मग उद्या तुम्ही घाला." बिचारा मधल्यामध्ये जेवायचं विसरायचा.

डॉक्टर तरुण होता, मोजकं बोलायचा. एक्सरेला आमच्याकडे सगळे फोटो म्हणतात, तोही म्हणायचा. त्याने फोटो दिव्यावर धरला आणि सांगितलं की नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग, ज्याच्यावर मांडीचं हाड टेकतं, तो बाहेरच्या बाजूने मोडून खाली खचलाय.

"ओट्याची कडप्पा एका बाजूने बसते, तसं?" आत्यांनी विचारलं.

"तसंच," डॉक्टर म्हणाला. मग त्याने एक हात माझ्या मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने घोटा धरला आणि पाय हळूच बाहेर ढकलला. गुडघा आतल्या बाजूने दारासारखा उघडला. मी जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "आतल्या बाजूची लिगामेंट पण तुटलीय," तो म्हणाला. "दोन हाडांना बांधून ठेवणारी दोरी असते ती. ही फोटोत दिसत नाही."

आता आमच्या लोकांचं असं आहे, की जे फोटोत नाही ते नाहीच. नवऱ्याने फोटो खिडकीशी नेऊन उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "दोरी कुठे दिसत नाही." आत्या म्हणाल्या, "तुला बायकोचं किंचाळणं ऐकू आलं ना? मग झालं. डॉक्टर, काय करायचं ते करा."

काय करायचं ते डॉक्टरने समजावलं. खचलेला तुकडा वर उचलायचा. त्याच्याखाली पोकळी राहते, ती भरायला माझ्याच कमरेच्या हाडातला चुरा काढून घालायचा. बाजूने स्टीलची पट्टी आणि स्क्रू. मग आतल्या बाजूला दुसरी चीर देऊन दोरी शिवायची. "अडचण एवढीच आहे," तो म्हणाला, "की मोडलेल्या सांध्याला लवकर हलवावं लागतं, नाहीतर तो आखडतो. आणि शिवलेल्या लिगामेंटला हलवायचं नसतं, आराम द्यावा लागतो. दोघांचं एकमेकांशी पटत नाही."

"एका घरात राहायचं म्हटल्यावर असं व्हायचंच," आत्या म्हणाल्या आणि छताकडे बघत राहिल्या.

मी डॉक्टरला एकच प्रश्न विचारला. "मला संडासला बसता येईल का?"

नवरा लाजला. लाजू दे. चाळीचे संडास गॅलरीच्या टोकाला ओळीने होते, सगळे खाली बसायचे. कमोड मी तोपर्यंत एका साहेबाच्या बंगल्यात पाहिला होता, तोही बंद झाकणाचा. ज्या बाईला उकिडवं बसता येत नाही तिने त्या चाळीत करायचं काय? चालता नाही आलं तर रिक्षा आहे, जिना नाही जमला तर खाली राहता येतं. याला दुसरा इलाज नव्हता. आयुष्यभर हे काम कुणाच्या तरी हातावर टाकायचं, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला होता.

"ते सगळ्यात शेवटी येतं," डॉक्टर म्हणाला. "आधी चालणं येईल, मग जिना. उकिडवं बसणं सगळ्यांना परत जमतंच असं नाही. बघू." हा "बघू" माझ्या छातीवर बसला तो उठेचना.

ऑपरेशन कमरेखाली सुन्न करून केलं. म्हणजे मी जागी. मध्ये हिरवा पडदा, आणि पलीकडून हातोडीचा आवाज. आपल्याच हाडावर कुणीतरी ठोकतंय आणि आपल्याला नुसता आवाज येतोय, हा फार विचित्र अनुभव आहे. डॉक्टर ठोकता ठोकता भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगत होता की बदलापूरला प्लॉट बघतोय, पूर्वेला घेऊ की पश्चिमेला कळत नाही.

"पश्चिमेला घ्या," मी म्हणाले. "पाण्याचे हाल कमी आहेत."

हातोडी थांबली. मग डॉक्टरचा आवाज आला, "प्रेशर कसं असतं?" मी म्हणाले, सकाळी बरं असतं. हातोडी परत सुरू झाली.

दोरीच्या भल्यासाठी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून मला घरी पाठवलं. त्यानंतर आमच्या खोलीत जी रीघ लागली ती सांगायची सोय नाही. माणूस दारातून जय भीम करायचा, शहाळं ठेवायचा आणि मला कशी आहेस विचारायच्या आधी म्हणायचा, "फोटो बघू." मग नवरा स्टुलावर चढून ट्यूबलाइटवर फोटो धरायचा. ऑपरेशननंतरचा फोटो एकदम भरगच्च होता, पट्टी काय, स्क्रू काय. "हे गंजणार नाहीत ना?" शेजारच्या काकूंनी विचारलं. त्यांचा मुलगा अंबरनाथला वर्कशॉपमध्ये होता, तो म्हणाला, स्टेनलेस असतं. मग सगळ्यांना बरं वाटलं. कपाट कुठल्या कंपनीचं होतं, हेही बऱ्याच जणांनी विचारलं. माझी त्या वेळी कंपनी बघायची राहून गेली याची लोकांना फार खंत होती.

आता पॉटचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पॉट म्हणजे झोपल्या जागी करायचं भांडं, तो खाटेखाली असायचा. नवरा सकाळीच कामाला जायचा, घरात मी आणि आत्या. पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत दम धरला. ज्या बाईशी मिठावरून बोलत नाही तिला हे कसं सांगायचं? शेवटी आत्याच म्हणाल्या, "मेलीस तरी चालेल पण तोंड उघडणार नाहीस, हो ना?" आणि खाटेजवळ उकिडव्या बसल्या. त्यांचे गुडघे बसताना कटकट वाजायचे. त्यांनी हात घालून पॉट ओढला, मला अलगद उचलून धरलं, आणि मी भिंतीकडे तोंड केलं. त्या भिंतीवर रंगाचा एक पोपडा निघालेला होता. तो पोपडा मला अजून पाठ आहे.

मग त्या पॉटवर वर्तमानपत्र झाकायच्या आणि अख्ख्या गॅलरीतून टोकापर्यंत चालत जायच्या. मान ताठ. गॅलरीत भाजी निवडणाऱ्या बायका पाय आखडून घ्यायच्या. सुनेने सासूचं करायचं, ही आमच्याकडची रीत. इथे सगळं उलटं चाललेलं आणि ते सगळ्या चाळीसमोर. मला इतकी लाज वाटायची की मी पाणी पिणंच कमी केलं. आत्यांच्या ते लक्षात आलं. "पी," त्या म्हणायच्या आणि तांब्या हातात देऊन समोर उभ्या राहायच्या.

यावर नवऱ्याने तोड काढली. त्याने घरातली पाहुण्यांसाठीची खाट विकून टाकली आणि कॅम्प दोनमधून खुर्ची बनवून आणली. नुसती खुर्ची नाही. बसायच्या जागी गोल भोक, भोकाला रेक्झिनची गादी, हातांना सनमायका आणि पाठीला कोरीव नक्षी. सुताराने विचारलं कशासाठी, तर लाजून म्हणाला, मशीनसाठी. सुताराने कसलं मशीन ते विचारलं नाही. कॅम्पात असं विचारत नाहीत.

प्लास्टर काढल्यावर आमची वरात निघायची. पुढे नवरा डोक्यावर खुर्ची घेऊन, मागे मी कुबड्यांवर, त्यामागे आत्या पाण्याची बादली घेऊन. नवरा खुर्ची संडासात भांड्यावर बरोबर मांडायचा आणि बाहेर येऊन छपराकडे बघत उभा राहायचा. रांगेतली माणसं कुरकुरायची, पण मला काय त्याचं? पॉट सुटला होता. बाकीच्या वेळी खुर्ची धुवून-पुसून, भोकावर उशी ठेवून घरात असायची. एकदा नवऱ्याचे साहेब आले आणि थेट तिच्यावरच बसले. नक्षीची तारीफ करून गेले.

गुडघ्याचं मात्र वेगळंच चाललं होतं. प्लास्टरमधून पाय निघाला तो काठीसारखा, आणि गुडघा वाकेल तर शप्पथ. रोज पलंगावर टाच घासत मागे आणायची, दातओठ खायचे, रडायचं, परत घासायची. हळूहळू तो काटकोनापर्यंत आला, नव्वद अंशांपर्यंत. आणि तिथे थांबला. महिना गेला तरी ढिम्म.

डॉक्टरने कोनमापक लावलं. फोटो पाहिला. हाड छान भरलं होतं, दोरी पण धरून होती, पाय बाजूला ढकलला तरी दार उघडत नव्हतं. "मग वाकत का नाही?" तो म्हणाला. "घरी कशावर बसता?"

"खुर्चीवर."

"आणि संडासला?"

नवऱ्याने अभिमानाने खुर्चीचं वर्णन केलं, नक्षीसकट. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. "खुर्ची चांगली आहे," तो म्हणाला, "पण तिच्यावर गुडघ्याला नव्वदच्या पुढे जायचं कामच पडत नाही. काम पडलं नाही तर तो जाणार नाही. आता आणखी काही महिने गेले तर कायमचा असाच राहील. हळूहळू खुर्ची सोडा."

मी त्यातलं "हळूहळू" ऐकलं. आत्यांनी "सोडा" ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूने कोयत्याचे घाव ऐकू आले. मग सनमायका जळल्याचा वास आला. कुबड्या टेकत मी मागे गेले तर आत्या बंबापुढे बसलेल्या आणि बंबात माझ्या खुर्चीची नक्षी जळत होती.

"आत्या, काय केलंत हे?"

"पाणी तापवतेय."

"माझी खुर्ची होती ती!"

"होती."

मग मी जी सुटले! कपाटापासून साचलेला सगळा राग त्या बंबापुढे ओतला. तुम्हाला मला लंगडीच ठेवायचंय, तुम्हाला बरं वाटतंय मला असं बघून, आणि काय काय. नवऱ्याला मध्ये न घेता आम्ही समोरासमोर भांडलो ते हे पहिलंच. आत्या एक एक फळी आत सारत होत्या. "आता मी जाऊ कुठे?" मी विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं. पॉट घासून, पुसून उन्हात उपडा घातलेला होता. "तो आहे, आणि मी आहे," त्या म्हणाल्या. "अंघोळ करून घे, पाणी निवेल." पाणी मात्र कडकडीत तापलं होतं.

ज्या कामातून खुर्चीने त्यांना सोडवलं होतं ते काम त्यांनी स्वतःच्या हाताने परत ओढवून घेतलं होतं. तेवढं समजायला मला डोकं थंड व्हावं लागलं, आणि ते काही त्या दिवशी झालं नाही.

त्याच दुपारी आत्या चाळभर फिरल्या आणि प्रत्येकीच्या घरून जेवायला बसायचा लाकडी पाट मागून आणला. कुणाचा लग्नातला रंगीत, कुणाचा पितळी फुल्यांचा, कुणाचा एक पाय मोडका. ते सगळे भिंतीशी एकावर एक रचले, खुर्चीच्या उंचीचे. "इथे बसायचं," त्या म्हणाल्या. "जेवायचं पण इथे, भाजी पण इथे चिरायची." डॉक्टरला विचारून आल्या होत्या. तो म्हणाला होता, चालेल, पण गुडघा आतल्या बाजूला जाऊ द्यायचा नाही, दोरीवर ताण येईल. म्हणून गुडघ्याच्या आतून उशी लावायच्या.

आणि मग चार-पाच दिवस गेले की त्या मला न सांगता वरचा एक पाट काढायच्या. मी नेहमीसारखी बसायला जायचे तर बूड टेकायची जागा थोडी खाली गेलेली असायची. गुडघ्यातून कळ मस्तकात जायची.

"काय झालं?" आत्या विचारायच्या.

"काही नाही," मी म्हणायचे. बरं म्हणायची पण सोय नव्हती, नाहीतर दुसरा काढला असता.

काढलेला पाट त्या जिच्या तिला परत करायच्या, रिकामा नाही, वर गुळाचा खडा ठेवून. त्यामुळे अख्ख्या चाळीला माझ्या गुडघ्याची बातमी असायची. बायका गॅलरीतून जाता जाता विचारायच्या, "आमचा पाट कधी?" शेजारच्या काकूंकडे एकदा अचानक पाहुणे आले. आत्या आत आल्या, म्हणाल्या, "ऊठ. त्यांना पाट पाहिजे. तू वाक." मी मनात शिव्या देत वाकले. रचना खाली खाली येत गेली आणि रोज सकाळी पॉट गॅलरीतून टोकापर्यंत जात राहिला, वर्तमानपत्र झाकून.

शेवटचा पाट आमचाच होता. तोही एक दिवस उचलला आणि मी जमिनीवर दोन्ही टाचा टेकवून उकिडवी बसले. घाम फुटला होता. आत्यांनी खाली वाकून माझी टाच टेकली की नाही ते बोट घालून बघितलं. शाबासकी वगैरे काही नाही. "उद्या जाऊन ये," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी बादली घेऊन एकटी निघाले. टोकाच्या संडासात शिरले, कडी लावली. भिंतीला हात धरत खाली गेले. नव्वद गेले, त्याच्या पुढचं गेलं, आणि मी बसले. मला रडू फुटलं. आनंदाने रडायला जगात जागा कमी नाहीत, माझ्या वाट्याला ही आली.

बसणं जमलं, आता उठायचं होतं. उजव्या पायात जोर येईना. धरायला काही नाही, भिंत ओली. बाहेर कुणीतरी दार वाजवलं आणि लगेच आत्यांचा आवाज आला, "आत माझी सून आहे. पलीकडच्यात जा." म्हणजे त्या मागोमाग आल्या होत्या. थोड्या वेळाने दाराला तोंड लावून त्यांनी हळूच विचारलं, "येऊ का?"

"नको," मी म्हणाले.

"बरं. मी आहे."

मी कडीला धरलं, डाव्या पायावर भार घेतला, बोंबलले आणि उठले. दार उघडलं तर आत्या समोर उभ्या. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पॉट. नाहीच जमलं तर मला तसंच परत जायला लागू नये, म्हणून घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं, वळल्या आणि पुढे चालू लागल्या. घरी गेल्यावर पॉट घासला आणि माळ्यावर टाकला. "राहू दे," म्हणाल्या. "लागतो कधी कधी."

पुढे नव्वदच्या दशकात आम्ही अंबरनाथ पश्चिमेला फ्लॅट घेतला. घरातच संडास, त्यात कमोड. आत्यांनी तो बघितला आणि म्हणाल्या, "याच्यावर बसशील तर परत नव्वदवर येशील." बिल्डरच्या मागे लागून त्यांनी दुसऱ्या बाजूला खाली बसायचा करून घेतला. मी आजही तोच वापरते.

त्याच फ्लॅटमध्ये त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यांच्या वयाला पाय काही उभा राहिला नाही. बदलापूरहून सामानाबरोबर आलेला पॉट मी माळ्यावरून काढला, घासला आणि त्यांच्या खाटेखाली ठेवला. पहिल्या दिवशी त्यांनीही दुपारपर्यंत दम धरला. "मराल पण तोंड उघडणार नाही, हो ना?" मी म्हणाले आणि खाटेजवळ उकिडवी बसले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी हात घालून पॉट ओढला. माझ्या गुडघ्यात पट्टी अजून आहे, थंडीत ती बोलते. भिंतीकडे बघतच आत्यांनी विचारलं, "पूर्ण बसलीस?"

"बसले."

"टाच टेकली?"

"टेकली."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पडल्यापासून पहिल्यांदा अंग सैल सोडलं. त्यांचं झाल्यावर मी वर्तमानपत्र झाकलं आणि उठले, कशालाही न धरता.